खेकड्याच्या पोटातून मेंदूकडे : संगणकीय न्यूरोसायन्सची सुरुवात कुठून करावी

रस्सा करायच्या आधी खेकडा साफ करताना पाठीचं कवच उचकटलं की डोळ्यांच्या मागे एक छोटी पिशवी दिसते. घरोघरी ती काढून फेकून देतात. ते खेकड्याचं जठर. त्याच्या आत चक्क दात असतात आणि गिळलेलं अन्न तिथे दळलं जातं. हे जातं फिरवणारे स्नायू कधी आवळायचे आणि कधी सैल सोडायचे, हे जठराच्या वरच्या अंगाला बसलेला न्यूरॉनचा, म्हणजे चेतापेशींचा, एक छोटासा गुच्छ ठरवतो. त्यात फार तर तीसेक न्यूरॉन. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातल्या प्राध्यापक ईव्ह मार्डर यांनी गेली जवळजवळ पन्नास वर्षं या गुच्छावर घालवली. २०१६ साली त्यांना न्यूरोसायन्सचा काव्हली पुरस्कार विभागून मिळाला.

"मला मेंदूचं मॉडेलिंग शिकायचंय, कुठून सुरू करू?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी या खेकड्याकडे पाठवतो. मॉडेलिंग म्हणजे न्यूरॉनचं वागणं समीकरणांत मांडून संगणकावर चालवून बघणं; संगणकीय न्यूरोसायन्स म्हणतात ते हेच. बहुतेकांचा चेहरा पडतो. त्यांच्या डोक्यात महासंगणकावर चालणारा अख्खा मानवी मेंदू असतो. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन आहेत आणि तो अख्खा संगणकात उतरवायच्या घोषणा या शतकात मोठ्या थाटात झाल्या. युरोपचा ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं चालला. त्यातून साधनं, नकाशे, माहितीसाठे असं बरंच हाती आलं, पण विचार करणारा संगणकी मेंदू काही आला नाही. नवशिक्याने त्या बाजूने शिरू नये, कारण तिथे मॉडेल चुकलं तरी ते कुठे चुकलं हे कळायला मार्ग नसतो. खेकड्याच्या गुच्छात मात्र प्रत्येक न्यूरॉनला नाव आहे, प्रत्येक जोडणी ठाऊक आहे, आणि तरीही तो गुच्छ तुम्हाला चकवतो. तो कसा चकवतो, हे स्वतःच्या लॅपटॉपवर अनुभवायचं, एवढंच या लेखात करायचं आहे. रोज तासभर दिला तर तीन-चार आठवड्यांचं काम.

तयारी

गणित बारावीचं पुरतं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा वेग, एवढं पक्कं हवं. भौतिकशास्त्रातून ओहमचा नियम आणि कपॅसिटर. जीवशास्त्र येत नसेल तर घाबरू नका. न्यूरॉनच्या पातळ पटलाच्या आत आणि बाहेर आयनांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे दोन बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं आणि पटलातली दारं, म्हणजे आयन चॅनल, उघडली-मिटली की ते बदलतं, इतकं सध्या बस. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार यावी. लूप लिहिता आला आणि आलेख काढता आला की झालं. लॅपटॉप जुना असला तर गूगल कोलॅब वापरा, ब्राउझरमध्येच चालतं.

एक वही मात्र घ्या, खरीखुरी कागदाची. प्रत्येक वेळी मॉडेल चालवायच्या आधी "काय होईल असं वाटतं" ते एका ओळीत लिहायचं आणि मग चालवायचं. हा नियम मी उशिरा लावून घेतला. आधीचे दोन महिने मी नुसता आकडे बदलून आलेख हलताना बघत होतो, शिकलो शून्य.

पहिला न्यूरॉन : गळकी बादली

फ्रान्सच्या लुई लापिक यांनी १९०७ साली मांडलेल्या कल्पनेतून आलेलं मॉडेल आपण सुरुवातीला घेऊ. न्यूरॉन म्हणजे तळाला भोक पडलेली बादली. वरून पाणी पडतंय, खालून गळतंय. पाणी खुणेपर्यंत चढलं की बादली उपडी होते आणि पुन्हा भरायला लागते. बादली उपडी होणं म्हणजे स्पाइक, न्यूरॉनने दिलेला विजेचा ठोका.

आता आकडे. स्थिर व्होल्टेज उणे ६५ मिलिव्होल्ट, खूण उणे ५०, उपडी झाल्यावर परत उणे ६५. रोध १० मेगाओहम, कालस्थिरांक (व्होल्टेज किती सावकाश बदलतं ते सांगणारा आकडा) २० मिलिसेकंद. प्रत्येक ०.१ मिलिसेकंदाला व्होल्टेजमध्ये किती भर टाकायची ते असं काढायचं: रोध गुणिले करंट घ्या, त्यातून व्होल्टेज स्थिर पातळीपासून जितकं वर आहे तितकं वजा करा, उरलेल्याला २० ने भागा आणि ०.१ ने गुणा. हे लूपमध्ये घाला, खूण ओलांडली की वेळ नोंदवा आणि व्होल्टेज खाली आणा. अख्खा प्रोग्रॅम दहा-बारा ओळींचा होतो.

चालवायच्या आधी वहीत लिहा: १.५ नॅनोअँपिअर करंट दिला तर स्पाइक येईल का?

येणार नाही. मेगाओहम गुणिले नॅनोअँपिअर म्हणजे मिलिव्होल्ट, तेव्हा १० गुणिले १.५ म्हणजे नेमके १५ मिलिव्होल्ट. व्होल्टेज खुणेच्या जवळ जवळ जात राहील, पण तिला शिवणार नाही. १.६ दिला तर साधारण ५५ मिलिसेकंदांनी एक ठोका, २ दिला तर साधारण २८ मिलिसेकंदांनी. तुमच्या प्रोग्रॅमने हेच दिलं तर पुढे चला. वेगळं दिलं तर दहापैकी नऊ वेळा एककांचा घोळ असतो, कुठेतरी सेकंद आणि मिलिसेकंद मिसळलेले असतात.

इथेच आणखी एक प्रयोग करा. ०.१ च्या जागी पायरी ५ मिलिसेकंदांची करा. २ नॅनोअँपिअरला आता २८ ऐवजी २५ येतील. न्यूरॉन तोच आहे, बदलला फक्त तुमचा हिशोब. म्हणून कुठलाही निकाल बघितला की पायरी निम्मी करून तो पुन्हा काढायचा. फरक पडला तर आधीचा आकडा फेकून द्यायचा.

दुसरा न्यूरॉन : हॉजकिन आणि हक्सली

बादलीचं मॉडेल ठोका कधी पडतो ते सांगतं, तो का पडतो ते सांगत नाही. त्यासाठी १९५२ मध्ये जायचं. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी इंग्लंडमधल्या प्लिमथला माकुलाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग केले. हा तंतू अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो, त्यामुळे त्याच्या आत तार घालता येते. सोडियमची दारं झटकन उघडतात आणि थोड्या वेळाने आपोआप अडकतात, पोटॅशियमची सावकाश उघडतात. या दोन्हींच्या वेगातल्या फरकातून स्पाइक जन्मते. हे त्यांनी चार समीकरणांत बसवलं. समीकरणं सोडवायची वेळ आली तेव्हा केंब्रिजचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता. हक्सलींनी हँडल फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर हिशोब केला. तंतूतून धावणारी एक स्पाइक काढायला तीनेक आठवडे लागले. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तुमच्या लॅपटॉपला तोच हिशोब डोळ्याची पापणी लवेपर्यंतच्या वेळात जमतो, हे लक्षात ठेवून बसा. कंटाळा येत नाही.

प्रमाण आकडे असे. कंडक्टन्स म्हणजे दारांतून करंट किती सहज वाहतो त्याचं माप: सोडियमचा कमाल कंडक्टन्स १२०, पोटॅशियमचा ३६, गळतीचा ०.३, तिन्ही मिलिसीमेन्स प्रति चौरस सेंटिमीटर. संतुलन व्होल्टेज, म्हणजे ज्या व्होल्टेजला त्या आयनाचा करंट शून्य होतो ते, सोडियमसाठी ५०, पोटॅशियमसाठी उणे ७७, गळतीसाठी उणे ५४.४ मिलिव्होल्ट. कपॅसिटन्स १ मायक्रोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर. पायरी ०.०१ मिलिसेकंद. करंट १० मायक्रोअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर दिला की सेकंदाला साठ-सत्तर ठोके पडले पाहिजेत.

दारं उघडण्या-मिटण्याच्या वेगांची सूत्रं कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतील. इथे दोन खड्डे आहेत आणि दोन्हींत सगळेच पडतात.

पहिला खड्डा मूळ लेखाचा. उत्साहाने १९५२ चा निबंध उघडून त्यातली सूत्रं जशीच्या तशी उतरवली तर काहीही चालत नाही. त्या काळी त्यांनी व्होल्टेज स्थिर पातळीपासून मोजलं आणि चिन्हही आजच्या उलट धरलं. माझा एक अख्खा रविवार यात गेला. पाठ्यपुस्तकातली आजची रूपं वापरा आणि मूळ निबंध नंतर गोष्ट म्हणून वाचा. फार सुंदर लिहिलेला आहे.

दुसरा खड्डा शून्य भागिले शून्याचा. सोडियमचं दार उघडण्याच्या सूत्रात व्होल्टेज नेमकं उणे ४० झालं, किंवा पोटॅशियमच्या सूत्रात उणे ५५ झालं, की वर शून्य आणि खालीही शून्य येतं. प्रोग्रॅम चालता चालता अचानक सगळे आकडे 'नॅन' (नॉट अ नंबर, म्हणजे आकडाच नाही) होतात. त्या बिंदूपुरतं सूत्राचं मर्यादामूल्य हाताने द्या. सोडियमला १, पोटॅशियमला ०.१.

आता खेकडा

मार्डर यांच्या प्रयोगशाळेत वापरतात तो जोना खेकडा उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा. त्याचा गुच्छ काढून खारट द्रावणाच्या बशीत ठेवला तरी तो तासन् तास आपली लय वाजवत राहतो. दोन लयी असतात. दळणाची लय संथ. तिच्या जोडीला जठराच्या दाराची, म्हणजे पायलोरसची, सेकंदाला एकदा अशी चपळ लय. ही दुसरी लय तीन टप्प्यांची आहे. आधी एबी आणि पीडी नावाचे न्यूरॉन ठोक्यांची झड लावतात, मग एलपी, मग पीवाय, आणि पुन्हा पहिल्यापासून. भजनात टाळ, मृदंग आणि झांज आळीपाळीने उचलावेत तसं. त्या बशीतला आलेख एकदा बघितला की विसरत नाही.

या प्रयोगशाळेचे निबंध शेकड्यांनी आहेत. नवख्याने सगळे उपसू नयेत. मी सांगेन तो क्रम असा.

आधी २००४ चा, ॲस्ट्रिड प्रिंझ, डर्क ब्यूखर आणि मार्डर यांचा. त्यांनी गुच्छाचं तीन न्यूरॉनचं मॉडेल घेतलं. पहिल्या न्यूरॉनची ५ रूपं, दुसऱ्याची ५, तिसऱ्याची ६. म्हणजे १५० जुळण्या. प्रत्येक जुळणीत न्यूरॉनमधल्या जोडण्यांचं बळ बदलून १,३५,००० प्रकार. एकूण २,०२,५०,००० मॉडेलं, आणि सगळी चालवून बघितली. खऱ्या खेकड्यांत मोजलेल्या लयीच्या कसोट्यांना त्यांतली ४,५२,५१६ उतरली. म्हणजे दोन टक्क्यांच्या थोडी वर. आता मौज अशी, की ही साडेचार लाख मॉडेलं आतून एकसारखी नव्हती. एकात एखादी जोडणी तगडी, तर दुसऱ्यात तीच जवळजवळ नाहीच. बाहेरून मात्र लय तीच.

हा आकडा वाचून पहिल्यांदा मला वाटलं, मॉडेलच ढिलं असणार. खऱ्या प्राण्यात असं नसेल. मग २००६ चा निबंध वाचला. वेगवेगळ्या खेकड्यांतला तोच एलपी न्यूरॉन घेऊन मोजलं, तर त्याच्या आयन चॅनलचे कंडक्टन्स एका खेकड्यात जितके तितके दुसऱ्यात नव्हते. फरक दुपटीपासून चौपटीपर्यंत. सगळे खेकडे ठणठणीत, सगळ्यांची जठरं नीट दळत होती.

यानंतर दोन पावलं मागे, २००२ चा लेख. त्यात मार्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साध्या सवयीला सुरुंग लावला. आपण काय करतो? दहा न्यूरॉन मोजतो, प्रत्येक कंडक्टन्सची सरासरी काढतो आणि ती मॉडेलमध्ये घालतो. त्यांनी दाखवलं की एकसारखं वागणाऱ्या न्यूरॉनची सरासरी घेऊन केलेलं मॉडेल त्यांच्यासारखं वागेलच असं नाही. चालणाऱ्या जुळण्यांचा प्रदेश केळासारखा वाकलेला असेल, तर केळाच्या दोन टोकांमधला मध्यबिंदू केळाच्या बाहेर पडतो. पोळी करताना कुणी पीठ जास्त घेतं आणि पाणीही जास्त, कुणी दोन्ही कमी. मऊसूत पोळी दोघींचीही होते. पण एकीचं पीठ आणि दुसरीचं पाणी घ्या की झाली लापशी.

निबंध वाचायची माझी पद्धत: आधी आकृत्या आणि त्यांच्याखालचा मजकूर, मग पद्धतीचा भाग, मग निकाल. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. पद्धतीच्या भागातलं एखादं समीकरण समजलं नाही तर तिथेच थांबा, ते स्वतः पायथनमध्ये लिहा. वाचून समजल्यासारखं वाटतं, लिहिताना उघडं पडतं.

स्वतःची छोटी दोन कोटी

आता वही काढा. दुसऱ्या टप्प्यातलं हॉजकिन-हक्सली मॉडेल घ्या. सोडियमचा कंडक्टन्स ८० पासून १६० पर्यंत पाच-पाचने, पोटॅशियमचा २० पासून ५२ पर्यंत दोन-दोनने. दोन्हीकडे १७ आकडे, म्हणजे २८९ मॉडेलं. करंट सगळ्यांना १०. प्रत्येक मॉडेल १२०० मिलिसेकंद चालवा, पहिले २०० सोडून द्या कारण सुरुवातीला न्यूरॉन स्थिरावत असतो, आणि उरलेल्या सेकंदात व्होल्टेज शून्याला खालून वर किती वेळा ओलांडतं ते मोजा.

एक युक्ती सांगतो. २८९ लूप एकामागून एक लावू नका, चहा गार होईल. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजमध्ये व्होल्टेज हा एक आकडा न ठेवता २८९ आकड्यांची रांग करा. प्रत्येक पायरीला सगळी मॉडेलं एकदम पुढे सरकतात. काम कित्येक पटींनी लवकर होतं, आणि पुढे मोठी जाळी करायची हीच पद्धत आहे.

निकाल १७ बाय १७ च्या रंगीत चौकटीत मांडा. चौकट बघण्याआधी लिहा: मूळ १२० आणि ३६ ला जितके ठोके पडतात, तितकेच ठोके देणाऱ्या चौकटी किती असतील, आणि त्या कुठे असतील? बरेच जण "मधली एक" असं लिहितात. प्रत्यक्षात त्याच रंगाचा पट्टा चौकटीतून जाताना दिसतो. गप्प बसलेले कोपरेही सापडतील. पट्ट्यावरच्या दोन लांबच्या चौकटी निवडा, त्यांचे व्होल्टेजचे आलेख एकावर एक ठेवा. ठोक्यांची संख्या तीच. स्पाइकची उंची आणि रुंदी मात्र जुळते का बघा. मग करंट १० ऐवजी ७ करा आणि दोघांना पुन्हा चालवा. जे जुळे वाटत होते ते इथे वेगळे पडू शकतात.

ही शेवटची गोष्ट बारकाईने करा, कारण मार्डर यांच्या पुढच्या कामाचा मोठा भाग नेमका इथे आहे. नेहमीच्या परिस्थितीत एकसारखे दिसणारे खेकडे ताण दिल्यावर कसे वागतात? खेकड्याला शरीराचं तापमान राखता येत नाही, समुद्र थंड तर तो थंड. २०१० मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की ७ अंशांपासून २३ अंश सेल्सियसपर्यंत पाणी तापवत नेलं तर लय कितीतरी वेगवान होते, पण तीन टप्प्यांचं आपसातलं प्रमाण जवळजवळ तसंच राहतं. तबलजीने लय चौपट केली तरी ताल मोडू नये तसं. त्याच्याही पलीकडे तापवलं की मात्र लय कोलमडते, आणि प्रत्येक प्राणी आपापल्या तऱ्हेने कोलमडतो. आतला फरक तिथे बाहेर येतो.

यानंतरची साधनं

हाताने एवढं केल्यावरच तयार सॉफ्टवेअर घ्या. ब्रायन हे पायथनमधलं, समीकरण जसं वहीत लिहाल तसंच त्यात लिहिता येतं, पहिल्यासाठी हेच. न्यूरॉनच्या फांद्यांचा आकार महत्त्वाचा असेल तर न्यूरॉन याच नावाचं जुनं, दणकट सॉफ्टवेअर आहे. हजारो-लाखो साध्या न्यूरॉनच्या जाळ्यासाठी नेस्ट. पेशीच्या आतली रसायनंही मॉडेलमध्ये हवी असतील तर मूस बघा; ते बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत उपिंदर भल्ला यांच्या प्रयोगशाळेत वाढलेलं आहे. सगळी फुकट आहेत. छापून आलेल्या मॉडेलांचा कोड मॉडेलडीबी या संग्रहात मिळतो. कुठलंही मॉडेल उतरवून घेतलं की आधी निबंधातली एक आकृती त्याच्याकडून जशीच्या तशी काढून घ्या. कधी कधी निघत नाही. मग कारण शोधायला बसा. त्यात जे शिकाल ते कुठल्या कोर्समध्ये नाही.

प्राध्यापकांना लिहिताना

पुण्याचं आयसर, बंगळुरूचं आयआयएससी आणि एनसीबीएस, आयआयटी मद्रास अशा ठिकाणी या विषयावर काम चालतं, आणि उन्हाळ्याच्या प्रकल्पांसाठी विद्यार्थ्यांचे मेल ढिगाने येतात. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट अबाउट ब्रेन" हा मेल कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. समोर मॅडम आहेत की सर, एवढं तरी लिहिण्याआधी बघा. हेही न बघता पाठवणारे आहेत.

मेल सहा-सात ओळींचा ठेवा. त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यातली कोणती आकृती स्वतः काढून बघितली, कुठे अडलात. सोबत एकच आलेख जोडा, तुमची ती १७ बाय १७ ची रंगीत चौकट असली तरी चालेल, आणि तिच्याबद्दल एक खरा प्रश्न विचारा. उदाहरणार्थ, पट्ट्यावरच्या दोन चौकटी करंट ७ ला वेगळ्या का वागल्या. गुणपत्रिका मागितल्यावर पाठवा. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, तोवर तीच चौकट गळतीचा कंडक्टन्स बदलून पुन्हा चालवून ठेवा.